कॉर्पोरेट वकिली सोडून राजकारण, जमतं का?

प्रश्न: बारा वर्षं मर्जरची कॉन्ट्रॅक्ट्स वाचतोय, आता निवडणूक लढवावीशी वाटतेय पण बायको म्हणते तुझ्या प्रत्येक वाक्यात 'परंतु' असतं, सभेत कोण ऐकणार. कोणी केलंय का असं?

उत्तर: जर्मनीचे मेर्त्स बघा की, २००९ ला संसद सोडली, कॉर्पोरेट वकिली केली, ब्लॅकरॉक या बड्या गुंतवणूक कंपनीच्या जर्मन शाखेच्या पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्ष झाले, २०२१ ला परत निवडून आले आणि २०२५ ला चान्सलर, म्हणजे तिथले सरकारप्रमुख. तेही संसदेतल्या मतदानाच्या दुसऱ्या फेरीत, पहिल्या फेरीत ६ मतं कमी पडली होती!

उत्तर: अहो पण ते आधीपासूनच राजकारणी होते ना, नवखे कुठे. आणि ब्लॅकरॉकवरून अजून टोमणे खातात. तुम्ही आधी जुन्या क्लायंटची यादी काढून बसा, विरोधक तिथूनच सुरुवात करतील.

उत्तर: वहिनींचं बरोबर आहे 😀