दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी कोकण : श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर (अनुभव धागा)

लक्ष्मीपूजन आटोपलं की मित्राला किंवा मैत्रिणीला घेऊन दोन रात्रींसाठी या पट्ट्यात बरेच जण निघतात. ज्यांना इथली चांगली माहिती आहे त्यांनी नेमकं लिहावं: वेळा, रस्ते, गाडी, पैसे. 'खूप मजा आली' याच्या पुढचं हवं आहे.

श्रीवर्धनहून

मुक्कामांचा क्रम तिथी बघून ठरवा. कोळ्यांचा जुना हिशोब आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी-नंतर, सकाळ-संध्याकाळी साडेसातला. पाडव्याला हेच पाऊण तास आधी. हा अंदाज आहे, पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीतच होते. देवळामागून पायऱ्या चढून जायचं, मग खडकाच्या अरुंद घळीतून थेट समुद्राशी उतरायचं आणि कड्याखालच्या खडकांवरून वळसा घालून परत यायचं. एका बाजूला उभा कडा, दुसरीकडे समुद्र. मध्येच पाणी वाढलं तर बाजूला व्हायला जागा नाही. दिवाळीत संध्याकाळची ओहोटी अंधारात जाते, म्हणून सकाळचीच धरावी लागते आणि त्यासाठी आदली रात्र हरिहरेश्वरलाच काढावी. दिवेआगर दुसऱ्या रात्री ठेवा. ओहोटीच्या तासभर आधी निघा, म्हणजे पाणी उतरत असताना चालणं होतं. अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात, त्यामुळे लाट नेहमीपेक्षा वर येते. स्लीपर नको, मागे पट्टा असलेली सँडल हवी. गुरव किंवा दुकानदार 'आज नको' म्हणाले तर जाऊ नका. हे मी कळकळीने लिहितोय, इथे माणसं वाहून गेली आहेत.

पुण्याहून, दुचाकीवाल्यांसाठी

पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा असा रस्ता. पेट्रोल पिरंगुट-पौडलाच भरा, घाटात पंप नाही आणि फोनची रेंजही सलग मिळत नाही.

मागे माणूस आणि सामान असेल तर मागच्या टायरला एकट्यापेक्षा साधारण 4 पीएसआय हवा जास्त लागते. नेमका आकडा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर असतो. प्रवासाला निघण्याआधी चेन खूप ताठ करू नका. दोघांच्या वजनाने सस्पेन्शन दबलं की ती आणखी ताणते आणि स्प्रॉकेट, बेअरिंग खाते. बहुतेक गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर ढिलाई चालते. सॅडलबॅग सायलेन्सरपासून चार बोटं तरी लांब बांधा, नाहीतर जळते. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहा. नुसता ब्रेक दाबत उतरलात तर तो तापून पकड सोडतो. पावसाने पाडलेले खड्डे दिवाळीपर्यंत बुजलेले असतीलच असं नाही, म्हणून घाट उजेडात उतरा.

दापोलीहून

पुढे केळशी-हर्णैला यायचं असेल तर बागमांडला-वेसवी फेरीबोट घ्या, हरिहरेश्वरहून धक्का जवळ आहे. दुचाकी चढवताना मागच्याने आधी उतरावं. ओहोटीला धक्क्याचा उघडा पडलेला भाग शेवाळलेला असतो: पहिला गिअर, सरळ हँडल, पुढचा ब्रेक अजिबात नाही. भरतीला हा त्रास कमी, म्हणजे दिवाळीत दुपारची वेळ सोयीची. शेवटची फेरी किती वाजता ते जातानाच विचारून ठेवा.

ठाण्याहून

गाडी नसेल तर कोकण रेल्वेने माणगाव आणि पुढे एसटी. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, दिवाळीचं पहिल्याच सकाळी बघावं लागतं. दिवा-सावंतवाडी माणगावला थांबते आणि जनरल डब्यातून दोघांना जाता येतं. चौघांना अवघड आहे.

दिवेआगरहून

घरगुती सोयीत जेवण आधी सांगावं लागतं, रात्रीचं दुपारपर्यंत. नारळ खवून, उकड काढून मोदक करायचे तर वेळ लागणारच. आयत्या वेळी मागितलेत तर मिळणार नाहीत. खोली ठरवताना शाकाहारी घर आहे का तेही विचारा, एकाला सुरमई हवी असते आणि तिथेच वाद होतात. रोख पैसे दोघांनी सारखे काढून एका पाकिटात ठेवा, रेंज गेली की यूपीआय चालत नाही.

आणि गाडी वाळूत घालू नका. चाक रुततं ते निघेल, पण खारं पाणी चेनला लागलं तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल घाला. सकाळपर्यंत गंज धरतो.