५ टनी एसी बदलायचाय: ट्रेन, कॅरियर की गुडमन?

नमस्कार मंडळी,
डॅलसच्या उत्तरेला २,४०० चौरस फुटांचं घर. फर्नेस (हीटर आणि पंखा) आणि कॉइल (हवा गार करणारी जाळी) अटिकमध्ये म्हणजे माळ्यावर, युनिट ५ टनी (टन म्हणजे थंड करायची क्षमता), आर-४१०ए गॅसचं. तीन कोटेशनं आली आहेत. गुडमन सगळ्यात स्वस्त, ट्रेन सगळ्यात महाग. टिकाऊ कुठलं?

---

तिघांपैकी कोणी मॅन्युअल जे, म्हणजे घराला किती थंडावा लागेल याचा रीतसर हिशेब, केलाय का? जुन्या युनिटची पाटी वाचून '५ टन' लिहिणं म्हणजे हिशेब नव्हे. खिडक्यांची दिशा, अटिकमधलं इन्सुलेशन, गळती हे सगळं धरून कदाचित ४ टनांत भागेल. युनिट गरजेपेक्षा मोठं असलं की घर पटकन गार होतं, कॉम्प्रेसर लगेच थांबतो आणि दमटपणा तसाच राहतो. शिवाय प्रत्येक टनामागे साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. रिटर्न डक्ट (घरातली हवा परत ओढणारा मार्ग) अरुंद असेल तर ५ टनी ब्लोअर, म्हणजे पंखा, नुसताच गुरगुरतो. स्टॅटिक प्रेशर (डक्टमधला हवेचा दाब, पाण्याच्या इंचांत) मोजायला सांगा. बहुतेक फर्नेस ०.५ इंचाला रेट केलेले असतात, ०.८ आलं तर आधी डक्टचं काम.

ब्रँडचं म्हणाल तर ट्रेन आणि अमेरिकन स्टँडर्ड एकाच घरचे, कॅरियर आणि ब्रायंटही तसेच, गुडमन २०१२ पासून डायकिनचं. वरच्या मॉडेलांत आवाज कमी, कॅबिनेट दणकट, एवढा फरक मान्य. पण नीट बसवलेलं गुडमन हे घाईत बसवलेल्या ट्रेनपेक्षा केव्हाही बरं.

एक मात्र बघा. आता नवी युनिटं आर-४१०ए वर येत नाहीत. ट्रेन, कॅरियर आर-४५४बी वर, गुडमन आर-३२ वर. म्हणजे नुसतं बाहेरचं युनिट बदलून चालणार नाही, कॉइलही बदलावी लागेल. दोन्हींच्या जोडीचा एएचआरआय क्रमांक (ही जोडी एकमेकींना जुळते याचा दाखला) कोटेशनवर लिहून घ्या.

---

वरच्या मेलमध्ये भर. बसवताना दोनच गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून पाहा.

ब्रेझिंग (तांब्याचे पाइप तापवून जोडणं) करताना पाइपातून नायट्रोजन हळू सोडलेला हवा. नाहीतर आत काळी काजळी धरते आणि पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हची (कॉइलमध्ये गॅस बेताने सोडणाऱ्या झडपेची) जाळी तुंबते. मग 'गॅस कमी आहे' म्हणत भरत बसतात.

दुसरं व्हॅक्यूम, म्हणजे गॅस सोडण्याआधी पाइपांतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढणं. 'अर्धा तास पंप लावला' हे उत्तर नव्हे. मायक्रॉन गेज (हा व्हॅक्यूम मोजणारा मीटर) ५०० च्या खाली जायला हवा. मग पंप झडपेने वेगळा करून दहा मिनिटं थांबायचं. आकडा ५०० च्या वर चढून स्थिरावला तर आत ओलावा आहे, चढतच राहिला तर गळती. ओलावा तेलात मिसळून आम्ल होतं आणि कॉम्प्रेसरची वाइंडिंग खातं. गेजचा फोटो मागा, चांगला माणूस चिडत नाही.

अटिकमध्ये कॉइल म्हटल्यावर खालचा पॅन (ठिबकणारं पाणी झेलणारा ट्रे) आणि फ्लोट स्विच (पाणी साचलं की एसी बंद करणारा) नवीनच घ्या. मुख्य ड्रेन तुंबला तर पाणी काढणाऱ्या दुसऱ्या ड्रेनचा पाइप सहसा खिडकीच्या वर बाहेर काढलेला असतो. तिथून ठिबकायला लागलं की मुख्य ड्रेन तुंबला, असं समजून एसी बंद करा.

आणि सिटीचं परमिट कोण काढणार, कंत्राटदाराचा टेक्सासचा लायसन्स नंबर काय, हे कोटेशनवर लिहिलेलं असू द्या. पार्ट्सची १० वर्षांची वॉरंटी बहुतेक ठिकाणी मुदतीत ऑनलाइन नोंदणी केली तरच मिळते. गुडमनची मुदत ६० दिवस. नोंदणी राहिली तर सहसा ५ वर्षांवर येते. मजुरी त्यात धरलेली नसते, ती वेगळी विचारा.