रॉड्रिगेझ : इतकी वर्षं त्याला खरंच काहीच माहीत नव्हतं?

रात्रीचा_रेडिओ :
काल 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' ही डॉक्युमेंटरी बघितली, झोपच नाही लागली. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा गायक सिक्स्टो रॉड्रिगेझ, १९७० ला 'कोल्ड फॅक्ट' आणि १९७१ ला 'कमिंग फ्रॉम रिअ‍ॅलिटी' असे दोन अल्बम काढतो, अमेरिकेत दोन्ही सपशेल आपटतात, मग हा बाबा पाडापाडीची, घरं दुरुस्तीची मजुरी करत बसतो आणि तिकडे दक्षिण आफ्रिकेत घराघरात त्याच्या रेकॉर्डी!! आणि त्याला पत्ताच नाही? हे पचत नाहीये राव. कुणी नीट सांगेल का?

कॅसेटवाला_काका :
आफ्रिकेतलं माहीत नव्हतं हे खरंय. पण सिनेमावाल्यांनी ऑस्ट्रेलिया सोयीस्करपणे गाळलाय. तिथे तो चांगला गाजला होता, १९७९ ला जाऊन टूर केली, १९८१ ला परत गेला तेव्हा तिथला रॉक बँड मिडनाइट ऑइल बरोबर होता, लाइव्ह अल्बमसुद्धा निघाला. म्हणजे १९७१ नंतर डायरेक्ट १९९८ ला स्टेजवर चढला असं जे वाटतं ना ते काही खरं नाही. मला तर ही लबाडीच वाटते, गोष्ट त्याशिवायही भारी होती की.

मधली_सुट्टी :
काका लबाडी जरा जास्त होतंय, पण मुद्दा बरोबर. आफ्रिकेचं कोडं मात्र सोपं आहे, वर्णभेदाचं सरकार, जगाने टाकलेला बहिष्कार, टीव्हीच मुळी १९७६ ला आला. बाहेरची बातमी आत नाही, आतली बाहेर नाही. त्यात सरकारी रेडिओने गाण्यांवर बंदी घातलेली, मग काय, गोऱ्या पोरांनी आणखीनच डोक्यावर घेतला. स्टेजवरच जीव दिला म्हणे अशा वावड्या उठल्या, त्या कुणी तपासायच्या? शेवटी १९९७ ला त्याच्या मुलीला त्याच्या शोधासाठी काढलेली वेबसाइट दिसली आणि मार्च १९९८ मधे केपटाउनला हजारो लोकांसमोर हा उभा.

रात्रीचा_रेडिओ :
बरं पण रेकॉर्डी इतक्या खपल्या तर पैसे कुणी खाल्ले? सिनेमात त्याचे अल्बम काढणाऱ्या ससेक्स रेकॉर्ड्स कंपनीच्या मालकाला, क्लॅरन्स अवांटला विचारतात तर तो भडकतोच.

कॅसेटवाला_काका :
ससेक्स तर १९७५ लाच बुडाली. हक्कांवरून २०१४ मधे कोर्टात केस पण झाली. आणि ज्याचे पैसे त्याला काही पडलेलीच नाही, नंतर टूरमधून मिळाले ते बरेचसे वाटून टाकले आणि राहिला त्याच जुन्या घरात. मधे फिलॉसॉफीची डिग्री घेतली, डेट्रॉइटमधे निवडणुका लढवल्या, पडला. २०१३ ला डॉक्युमेंटरीला ऑस्कर मिळालं तेव्हा हा तिथे गेलाच नाही. वारला २०२३ च्या ऑगस्टमधे, ८१ वर्षांचा होता.

मधली_सुट्टी :
रेडिओ, दुसरा अल्बम ऐकलास का? सगळे 'कोल्ड फॅक्ट'वरच अडकतात. 'कॉज' हे शेवटचं गाणं आधी ऐक, मग बोलू.