संधिवाताच्या इंजेक्शनआधी टीबीची तपासणी कशाला?

शंकेखोर:
आईला बरीच वर्षं संधिवात आहे. मेथोट्रेक्झेटने आता भागत नाही, म्हणून डॉक्टरांनी टीएनएफ (सूज आणणारा शरीरातला एक रेणू) अडवणारं इंजेक्शन सुचवलं. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि रक्ताची इग्रा चाचणी करायला सांगितली. एक्स-रे स्वच्छ, पण इग्रा पॉझिटिव्ह! आईला ना खोकला, ना ताप, ना वजन घटलंय. डॉक्टर म्हणाले, हा आजार नाही, सुप्त संसर्ग आहे. आधी त्याच्या गोळ्या, मग इंजेक्शन. तेव्हापासून आईने स्वतःची भांडी वेगळी ठेवायला सुरुवात केलीय.

उपचार काय घ्यावेत हे विचारत नाहीये, ते डॉक्टर सांगतील तसंच करणार. मला कळत नाही ते हे, की जंतू अंगात इतकी वर्षं तग धरतो कसा? पांढऱ्या पेशी काय करत असतात? आणि सांध्यांच्या औषधाचा फुप्फुसाशी काय संबंध?

वाटसरू:
सोपं आहे. प्रतिकारशक्ती कमी झाली की टीबी डोकं वर काढतो. प्रतिकारशक्ती वाढवा, प्रश्न मिटला.

जुनं_भिंग:
शंकेखोर, आधी आईंची भांडी परत एकत्र करा. सुप्त संसर्ग असलेल्या माणसाकडून कुणाला टीबी होत नाही. आणि फुप्फुसाचा टीबी असला तरी तो हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही.

आता मूळ प्रश्न. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे लांबण लागणार, चालवून घ्या.

श्वासावाटे आलेला जंतू वायुकोशात पोचला की तिथली मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी पांढरी पेशी, त्याला गिळते. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. गिळलेला जंतू पेशीच्या आत एका पिशवीत बंद होतो. पिशवी आम्ल होत जाते, मग पाचक विकरांनी भरलेला लायसोसोम तिला येऊन मिळतो आणि जंतूचा निकाल लागतो. टीबीचा जंतू नेमकं हेच होऊ देत नाही. आम्लता वाढवणारे पंप पिशवीच्या भिंतीवर जमू देत नाही, त्यामुळे जो पीएच ५ च्या आसपास उतरायला हवा तो ६ च्या वरच अडकतो. शिवाय ईएसएक्स-१ नावाच्या यंत्रणेतून प्रथिनं सोडून तो पिशवीला भगदाडही पाडतो. मारायला नेलेल्या जागीच बिऱ्हाड थाटतो म्हणा ना.

त्यात त्याला कसलीही घाई नाही. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, ह्याला जवळपास अख्खा दिवस लागतो. अंडं घातलेल्या हिरवट एलजे माध्यमावर पेरणी केली की आठवडेच्या आठवडे बाटलीकडे बघत बसायचं, तेव्हा कुठे फिकट पिवळट, कोरड्या, खरखरीत वसाहती दिसू लागतात. विद्यार्थ्यांचा उत्साह तोवर मावळलेला असे.

प्रतिकारालाही असाच उशीर होतो. टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) कामाला लागायच्या तर डेंड्रायटिक पेशींनी जंतू जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन दाखवावा लागतो, आणि टीबीत त्याला फार वेळ जातो. माँटू चाचणी (टीबीसाठी कातडीत टोचून करतात ती) संसर्गानंतर २ ते ८ आठवड्यांनी पॉझिटिव्ह होते ती ह्यामुळेच. तोवर जंतूचा जम बसलेला असतो. सीडी४ प्रकारच्या टी-पेशी आल्या की इंटरफेरॉन-गॅमा नावाचा संदेश-रेणू सोडून मॅक्रोफेजना चेतवतात, पण सगळे जंतू मरतीलच असं नाही. उरलेल्यांभोवती पेशींचा वेढा पडतो. हाच ग्रॅन्युलोमा.

भिंगाखाली तो बघायचा मला कधी कंटाळा आला नाही. मधे गुलाबी, दाणेदार, पेशींचे आकारच पुसले गेलेला मृत भाग. भोवती लांबट एपिथेलिऑइड पेशी, म्हणजे रूप बदललेल्या मॅक्रोफेजच. त्यांच्यात मधूनच लँगहान्सची महापेशी, तिची केंद्रकं कडेकडेने नालेच्या आकारात मांडलेली. सगळ्यात बाहेर लिम्फोसाइटचं (टी-पेशी ह्यांतल्याच) गडद निळं कडं. एवढा फौजफाटा, आणि झील-नील्सन रंग देऊन जंतू शोधायला बसावं तर निळ्यावर लाल काडी एखाद-दुसरीच, तीही नशीब असेल तर.

आत ऑक्सिजन कमी पडला की जंतू आपली कामं मंदावून पडून राहतो. ह्या वेढ्याला धरून ठेवणाऱ्या रेणूंपैकी एक महत्त्वाचा म्हणजे टीएनएफ. सांध्यात सूज आणतो तोही हाच. तिथे अडवला की इकडचा वेढाही सैलावतो, हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचा जीव. इन्फ्लिक्सिमॅब वापरात आल्यावर काही वर्षांतच, २००१ मध्ये, टीबी उसळलेल्या रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. बऱ्याच जणांना पहिल्या काही मात्रांतच त्रास सुरू झाला होता, आणि निम्म्याहून अधिकांत टीबी फुप्फुसाबाहेर होता. आधी तपासणी, मग इंजेक्शन हा दंडक त्यातून आला.

शंकेखोर:
भांडी एकत्र झाली! पण आईला लहानपणी बीसीजी टोचलेली आहे. इग्रा त्यामुळे तर पॉझिटिव्ह नाही ना?

जुनं_भिंग:
नाही. इग्रात टीबीच्या जंतूची ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोन प्रथिनं वापरतात. काल्मेट आणि गेरँ ह्यांनी १९०८ ते १९२१ अशी वर्षं गायींच्या टीबीचा जंतू पुन्हा पुन्हा वाढवून बीसीजी तयार केली, त्या प्रवासात ह्या प्रथिनांची जनुकं असलेला तुकडाच गळून पडला. बीसीजीमुळे फसू शकते ती माँटू. मात्र इग्रा टी-पेशींची आठवण मोजते, जंतू मोजत नाही. आत आज जिवंत जंतू आहे की नाही, हे तिला सांगता येत नाही. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. टीएनएफ अडवल्यावर हा धोका वाढतो, म्हणून आधी गोळ्या.

आणि वाटसरू, “प्रतिकारशक्ती वाढवा” हे ऐकून माझं डोकं दुखतं, राग मानू नका. फुप्फुसात पोकळ्या पडतात त्या मुख्यतः आपल्याच पेशींनी सोडलेल्या विकरांमुळे. ती पोकळी श्वासनलिकेत उघडली की जंतूला खोकल्यातून बाहेरची वाट मिळते. एचआयव्ही बळावलेल्या रुग्णात टीबी कितीतरी अधिक होतो आणि अधिक जीवघेणा असतो, तरी पोकळ्या कमी दिसतात आणि थुंकीत जंतू पुष्कळदा सापडत नाही. त्याच रुग्णाला एचआयव्हीची औषधं सुरू करून टी-पेशी परतल्या, की कधीकधी गाठी अचानक सुजतात, ताप चढतो. म्हणजे हा त्रास प्रतिकार परतल्यामुळेच.

ह्याहून गमतीची गोष्ट २०१० मध्ये पुढे आली. टीबीच्या जंतूच्या जगभरच्या वाणांचे जीनोम ताडून पाहिले, तर टी-पेशी जंतूचे जे तुकडे ओळखतात तेच सगळ्यात कमी बदललेले निघाले. फ्लूचा विषाणू ओळखू येऊ नये म्हणून सतत रूप पालटतो. टीबीचा जंतू बहुधा ओळखलं जाण्यातच फायदा बघतो, पोकळी पडली की बाहेरची वाट मिळते ना. प्रतिकार कमी पडला तर रोगी दगावतो, जास्त झाला तर फुप्फुस पोखरलं जातं. “वाढवा” म्हणायचं तर नेमकं काय, कुठे आणि किती, हे आधी सांगा.

वाटसरू:
राग नाही. पोकळ्या जंतूच पाडतो असंच समजत होतो.

गोळी_घ्या_वेळेवर:
औषधाच्या दुकानात बसतो, म्हणून एक व्यवहारातलं. आयसोनियाझिड (टीबीची गोळी) आणि मेथोट्रेक्झेट दोन्ही यकृतावर ताण आणू शकतात. संधिवाताच्या आणि टीबीच्या डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या नक्की दाखवा आणि यकृताच्या रक्तचाचण्या चुकवू नका. रिफाम्पिसिन (हेही टीबीचं औषध) दिलं असेल तर लघवी केशरी होईल, त्याने घाबरून गोळी सोडायची नाही. डोळे पिवळे दिसले, भूक गेली, मळमळ थांबेना, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

शंकेखोर:
लघवीचं आईला आजच सांगून ठेवते, नाहीतर पहिल्याच दिवशी गोळ्या बंद केल्या असत्या तिने.