सक्शन प्रेशरचा ओव्हरराइड उशिरा का लागतो?

पंपाच्या डिस्चार्ज व्हॉल्व्हवर फ्लो कंट्रोलर, सक्शन प्रेशरचा ओव्हरराइड (पंपात येणाऱ्या बाजूचा दाब फार पडला की व्हॉल्व्हचा ताबा घेणारा कंट्रोलर) आणि मध्ये लो सिलेक्टर (दोन्हींपैकी कमी आउटपुट व्हॉल्व्हला देणारा), ही तुमची मांडणी बरोबरच आहे. ओव्हरराइड वेळेवर ताबा घेत नाही, याचं कारण बहुधा रीसेट वाइंडअप, म्हणजे ताबा नसतानाही कंट्रोलरचा इंटिग्रल (सेटपॉइंटपासूनच्या फरकाची बेरीज करत जाणारा भाग) साचत जाणं.

साधारण वेळी सक्शन प्रेशर सेटपॉइंटच्या (ठरवलेल्या मूल्याच्या) वर असतं, त्यामुळे न निवडलेल्या कंट्रोलरचा इंटिग्रल चढत जाऊन आउटपुट १०० टक्क्यांवर बसतं. फ्लोचं आउटपुट समजा ४० टक्के. मग प्रेशर पडल्यावर १०० वरून ४० च्या खाली येईपर्यंत पंप ट्रिपही (संरक्षणासाठी आपोआप बंद) झालेला असतो. नुसतं ट्यूनिंग बदलून हे सुटणार नाही. आउटपुट लिमिट लावणं हाही अर्धवट उपाय. सिलेक्टरचं आउटपुट दोन्ही कंट्रोलरना एक्स्टर्नल रीसेट (इंटिग्रलसाठी स्वतःच्या आउटपुटऐवजी वापरायचा बाहेरचा सिग्नल) म्हणून परत द्या. मग प्रेशर सेटपॉइंटच्या खाली जाताच ताबा बदलतो.

प्रेशरचा सेटपॉइंट ट्रिपच्या पुरेसा वर हवा. फ्लो कंट्रोलर रिव्हर्स (फ्लो वाढला की आउटपुट कमी), प्रेशरचा डायरेक्ट ॲक्टिंग (प्रेशर वाढलं की आउटपुट जास्त). शिवाय सिग्नल वाढल्यावर व्हॉल्व्ह बंद होत असेल तर सिलेक्टर हाय लागतो (आणि दोन्ही ॲक्शनही उलटतात), हे तपासलंय ना?

ऑटो-मॅन्युअल स्टेशन (आपोआप की हाताने चालवायचं ते बदलायची जागा) मात्र सिलेक्टरनंतर ठेवू नका. तिथे मॅन्युअल केलं की ओव्हरराइडचं संरक्षणच जातं.