क्लबहाउस, काळी लोकर आणि संक्रांतीचं वाण

मंदार, सी-५०४: नमस्कार. क्लबहाउसमधलं टीटी टेबल आठवडाभर घडी करून भिंतीला टेकवलंय. रोज ५ ते ७ विणकाम, हे कुठल्या मीटिंगमध्ये ठरलं? मुलांनी खेळायचं कुठे?

वैशाली, ए-२०१: मंदारदादा, संक्रांतीचं वाण या वर्षी हाताने करून द्यायचं ठरलंय. ७२ घरं आहेत. रथसप्तमी झाली की टेबल तुमचंच. बोर्डावर नोटीस लावली होती.

मंदार, सी-५०४: बोर्डावर अजून गणपतीच्या वर्गणीचा कागद आहे.

रोहन, ए-४०४: वर्गणी अजून येतेय ना 😄

शरद काका, बी-१०२ (खजिनदार): तुमची आली का?

रोहन, ए-४०४: 🙏

प्राजक्ता, बी-६०१: विषय निघालाच आहे तर बोलते. काळ्या लोकरीवर शिकणं अशक्य आहे. त्या ट्यूबलाइटखाली टाकाच दिसत नाही. काल माझे २२ चे २९ टाके झाले, कुठे वाढले देव जाणे. काळी कुणी आणली?

शरद काका, बी-१०२ (खजिनदार): मी आणली. संक्रांतीला काळंच लागतं. २ किलो एकदम घेतली म्हणून भाव पाडून मिळाला. बिल फाइलला लावलं आहे, कुणीही येऊन बघावं.

सुनीता काकू, ए-३०१: काळं नेसायचं असतं हो. वाणात काळी वस्तू हातात ठेवली तर माझ्या सासूबाई दारातूनच परत पाठवतील.

मंदार, सी-५०४: टीटी टेबल?

नलूआजी, सी-००३: प्राजक्ता, टाके वाढतात ते ओळीच्या सुरुवातीलाच. लोकर सुईवरून मागे ओढली की पहिल्या टाक्याचे दोन फास दिसतात आणि तू दोन्ही विणतेस. लोकर सुईच्या खालून मागे ने. दर दोन ओळींनी टाके मोज, आळस करू नको. नवीन हाताने काळ्यावर शिकू नये हे मी पहिल्या दिवशी बोलले होते, तेव्हा सगळ्या फोनमध्ये होत्या. आता आणलीच आहे तर मांडीवर पांढरा पंचा पसरून बसा, टाके दिसतात.

शरद काका, बी-१०२ (खजिनदार): बघा. उपाय असतो. आणि मूळ ठरलं होतं गरम भांड्याखाली ठेवायच्या चौकोनांचं. त्याला रंगाचं काय एवढं?

प्राजक्ता, बी-६०१: काका, ती ॲक्रिलिक आहे. कढई ठेवली की वितळून ओट्याला चिकटेल. भांड्याखाली सुती दोराच लागतो.

शरद काका, बी-१०२ (खजिनदार): दुकानदार लोकर म्हणाला.

सुनीता काकू, ए-३०१: ते सगळ्यालाच लोकर म्हणतात. गुंड्याच्या कागदावर १०० टक्के ॲक्रिलिक छापलंय, वाचायला चष्मा लागतो फक्त.

पेंडसे काका, बी-३०३: गेटसमोर पांढरी गाडी कुणाची? टँकर आत येत नाहीये.

अश्विनी, सी-२०२: मी सुया १२ नंबरच्या आणल्या. मोठा नंबर म्हणजे जाड ना?

नलूआजी, सी-००३: उलट. ८ नंबर ४ मिलिमीटर, १२ नंबर पावणेतीन. १२ वर विणलंस तर होळीला वाण मिळेल.

रोहन, ए-४०४: होळीला पण काळी चालेल 😄

मंदार, सी-५०४: मी पुन्हा विचारतो. टीटी टेबल?

नलूआजी, सी-००३: भांड्याखालचे चौकोन रद्द. बटवे करा, आत तिळगूळ आणि सुपारी. ८ नंबरवर २२ टाके, सगळ्या ओळी सुलट, चार इंच रुंद होतं. वीतभर पट्टी झाली की टाके बंद, मधोमध दुमडायची, दोन कडा शिवायच्या, तोंडाशी नाडी ओवायची. उलट टाका शिकायची गरजच नाही. एकाला २० ग्रॅमच्या आसपास लागते, म्हणजे शरदची लोकर पुरून उरेल. मधे मधे पांढऱ्याच्या दोन-दोन ओळी घाला. काळ्यावर हलव्यासारखं दिसेल, सुनीताच्या सासूबाईही घेतील, आणि ओळी मोजायला सोपं.

प्राजक्ता, बी-६०१: आजी 😍 पांढरी मी आणते. इस्त्री केली तर कडा वळायच्या थांबतील का?

नलूआजी, सी-००३: सगळं सुलट विणलेलं वळत नाही. आणि ॲक्रिलिकला इस्त्री लावलीस तर लुळं पडेल, परत जागेवर येत नाही.

वैशाली, ए-२०१: छान, ठरलं तर. हळदीकुंकू रविवारी ५ वाजता क्लबहाउसमध्ये. सर्व सुवासिनींनी अगत्य येण्याचे करावे 🙏

सुनीता काकू, ए-३०१: "सर्व महिलांनी" लिही. मागच्या वर्षी वर गाणी चालली होती आणि आजी खाली बाकावर बसल्या होत्या.

वैशाली, ए-२०१: मी कुणालाही येऊ नका म्हटलं नव्हतं, सुनीताकाकू.

सुनीता काकू, ए-३०१: या असंही म्हटलं नव्हतंस.

अश्विनी, सी-२०२: _हा मेसेज डिलीट केला आहे_

पेंडसे काका, बी-३०३: पांढरी गाडी!!

नलूआजी, सी-००३: माझ्यावरून ग्रुपवर नको. ७२ नाड्या वळायच्या आहेत, कोण बसणार ते सांगा.

वैशाली, ए-२०१: सुधारित: सर्व महिलांनी अगत्य येण्याचे करावे. आजी, तुम्ही याच. पहिलं वाण तुम्हाला.

नलूआजी, सी-००३: येईन. वाण नको. मीच विणलेलं मलाच काय देता, एखादी रिकामी काचेची बरणी द्या, बटणं ठेवायला.

मंदार, सी-५०४: सर्वांचं छान चाललंय. पण टीटी टेबल?

नलूआजी, सी-००३: मंदार, तुझा अथर्व चार दिवस माझ्या शेजारी बसतोय. दोन पट्ट्या झाल्या त्याच्या, एकही टाका सुटलेला नाही.

मंदार, सी-५०४: त्याला टीटी खेळायला पाठवलं होतं.

नलूआजी, सी-००३: टेबल घडी केलेलं होतं ना.

रोहन, ए-४०४: 😂😂😂

सेक्रेटरी: सोम, बुध, शुक्र विणकाम. बाकी दिवस टेबल टेनिस. लोकरीचे तुकडे लिफ्टच्या दाराच्या खाचेत जातात, तरी लिफ्टमध्ये विणत जाऊ नये. पांढरी गाडी शरद काकांच्या पाहुण्यांची आहे, ते खाली येत आहेत.

शरद काका, बी-१०२ (खजिनदार): हे ग्रुपवर टाकायची काय गरज होती?

अश्विनी, सी-२०२: क्लबहाउसच्या सोफ्यावर ८ नंबरची एक सुई सापडली आहे. कशी सापडली ते विचारू नका. ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी.