मदत हवी आहे : बायपासच्या शिरेवर बाहेरून जाळी बसवून घ्यावी का?

नमस्कार मंडळी. वडिलांच्या (वय 66, जुना मधुमेह) तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉक निघालेत. नाशिकच्या सर्जननी बायपास सांगितलीय: एक ग्राफ्ट (ब्लॉकला वळसा घालणारी जोडनळी) छातीतल्या धमनीचा, दोन पायातल्या शिरेचे. आम्ही निफाडकडचे. द्राक्षाची गोडी छाटणी अर्ध्यावर टाकून फाइल घेऊन फिरतोय.

सर्जन म्हणाले, छातीतली धमनी दहा वर्षांनीही बहुतेकांत चालू असते, पायाच्या शिरा मात्र साधारण निम्म्या बंद पडलेल्या असतात. शिरेला कमी दाबाची सवय. धमनीचा दाब आला की ती ताणली जाते आणि आतून भिंत जाड होत जाते.

मला आमची फवारणीची नळी आठवली. एचटीपीच्या (जास्त दाबाच्या फवारणी पंपाच्या) नळीत दोऱ्याची वीण असते म्हणून ती दाब सोसते. एकदा मी घाईत साधी नळी जोडली, तर मधेच पेरूएवढा फुगा आला आणि वडील बांधावरून ओरडले, "बंद कर आधी!" मग शिरेलाही बाहेरून वीण घातली तर? शोधलं, तर आहे: व्हेस्ट नावाची कोबाल्ट-क्रोमियमच्या तारांची जाळी, शिरेवर मोज्यासारखी चढवायची.

पण पुढे वाचलं आणि गाडं अडलं. डुकरांवरच्या प्रयोगांत सैल, छिद्राळ आवरणाने भिंत जाड होणं चांगलंच कमी झालं. माणसांत तसं जमलं नाही. व्हेस्टच्या 2022 मध्ये आलेल्या चाचणीत 224 रुग्ण होते, प्रत्येकाच्या एका शिरेवर जाळी, दुसरी तशीच. वर्षभराने जाळीवाल्या शिरेत भिंतीची आतली वाढ जराशी कमी दिसली, पण ठाम म्हणावा असा फरक नाही.

दुसरी वाट 'नो-टच'ची, स्वीडनमधली. शीर सोलायची नाही, भोवतीच्या चरबीसकट काढायची. ती चरबीच आधार देते. माझा कल इकडे आहे. पण यात पायाची जखम जास्त चिघळते म्हणतात, आणि वडिलांच्या नडगीला मांडवाची तार लागली होती ती भरायला तीन महिने गेले.

कोणी जाळी बसवून घेतलीय का? नो-टचचा अनुभव? की हाताची धमनी घ्यायला सांगावं?

प्रतिसाद : सासूबाईंच्या वेळी जाळीचा विषयच निघाला नव्हता. छातीची जखम लवकर भरली, पायाने रडवलं. शीर मांडीतून काढणार की घोट्याकडून, ते आधी विचारा. साखर आटोक्यात आणा. नंतर अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी मनाने बंद करू देऊ नका. आणि हो, काका बिडी ओढतात का? शिरेचं सगळ्यात मोठं वैर तिच्याशी.

धागाकर्ता : धन्यवाद ताई. मांडीचं उद्याच विचारतो. बिडी 'सोडलीय' म्हणतात. काल उशीच्या अभ्र्यात बंडल सापडलं.